स्पर्धा कोणाकोणात लावली जाते?

(देवरी तालुक्यातील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बायांची बोलीतील वाक्ये तशीच ठेवली आहेत.)

मला दिलेला विषय आहे, 'स्पर्धेने माणूस पुढे जातो का?' विषय ऐकल्याबरोबर शाळेतली वादविवाद स्पर्धा आठवली. तेव्हा मी याच विषयाच्या अनुकूल बाजूने बोलले होते आणि स्टीलचा डबा बक्षीस मिळाला होता. माझी आई अजून त्यात तिखट ठेवते. आज मी स्पर्धेबद्दल बरेच वाकडे बोलणार आहे, पण बक्षिसाचा डबा घरात आहे, हे आधीच कबूल करून टाकते.

पहिल्यांदा माझीच एक चूक सांगते. समाजकार्याची पदवी घेऊन मी या जिल्ह्यात कामाला लागले, तेव्हा बचत गटांचे काम माझ्याकडे आले. नाबार्डने १९९२ साली देशात ५०० गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग केला होता. मी आले तोवर आपल्याकडे गल्लोगल्ली गट झाले होते. बायका नियमाने बसत, बचत करत, पण हप्ते मागेपुढे होत. मी काय केले, तर एक मोठा तक्ता केला. त्यावर गावातल्या सगळ्या गटांची नावे लिहिली. ज्या गटाची त्या महिन्याची वसुली पूर्ण, त्याच्या पुढे सोनेरी चांदणी. वर्षाच्या शेवटी सगळ्यात जास्त चांदण्यांच्या गटाचा सत्कार. तक्ता अंगणवाडीच्या भिंतीवर लावला आणि तीन महिन्यांत वसुली सुधारली. माझ्या अहवालात मी हे मोठ्या अभिमानाने लिहिले. वर्षाअखेरीला पहिल्या आलेल्या गटाला साडीचोळी दिली, टाळ्या वाजवल्या, त्यात माझ्याच टाळ्या सगळ्यात मोठ्या होत्या.

पुढच्या उन्हाळ्यात त्या गटातली एक बाई मला वाटेत भेटली. नजर चुकवून जात होती. मी थांबवले, तेव्हा म्हणाली, "ताई, तुमचा तक्ता घेऊन जा बाप्पा. आमच्या गटात आता कोनी हासत नाही." मग हळूहळू सगळे बाहेर आले. तिच्या नवऱ्याचा हात मळणीयंत्रात सापडला होता. चार महिने घरात कमाई नव्हती. तरी तिच्या नावाचा एकही हप्ता थकला नव्हता, कारण तिच्यामुळे चांदणी जाईल म्हणून गटातल्या बायांनी तिच्या दारात बसायला सुरुवात केली होती. ज्या बायांनी तिला दवाखान्यात भाकर नेऊन दिली, त्याच बाया. तिने गावात येणाऱ्या एका खाजगी कंपनीचे कर्ज उचलले आणि त्यातून गटाचा हप्ता भरला. मग त्या कंपनीचा आठवड्याचा हप्ता भरायला दुसऱ्या कंपनीचे. मी जिला साडीचोळी दिली त्या रांगेत ती होती, आणि तिच्या अंगावर तीन कर्जे होती.

गट म्हणजे अडीअडचणीला बायकांनी एकमेकींना धरायची जागा. मी तिथे एक तक्ता लावला आणि एकीची अडचण दुसरीचे नुकसान होऊन बसली. बायका वाईट झाल्या नव्हत्या. मी शर्यत लावली होती, आणि शर्यतीत पडलेल्याला उचलायला थांबले की शर्यत हरते.

तक्ता मी काढला. पण तेव्हापासून कोणी 'स्पर्धेने प्रगती होते' म्हणाले की मी एकच विचारते : कोणाकोणात लावली आहे, आणि लावली कोणी?

आता आपल्या धानाच्या बांध्यांकडे चला. रोवणीचे दिवस तुम्हाला मी काय सांगावे! आषाढ-श्रावणात सगळ्यांचे पऱ्हे एकाच वेळी तयार होतात, पाऊस थांबायला तयार नसतो, म्हणजे खरे तर त्या पंधरा-वीस दिवसांत मालकाला आपली गरज जास्त. पूर्वी रोजाने जात होतो, आता बऱ्याच गावांत एकराच्या हुंड्याने काम घेतात. (हुंडा शब्दाने बाईचा पिच्छा कुठेच सोडला नाही, माहेरी नाही आणि बांधीतही नाही.) हुंड्यात एक चांगले आहे. दहा-बारा बायकांची टोळी आपली आपण वेळ ठरवते, मालक बांधावर उभा राहून बोलत नाही. पण होते काय? मालक म्हणतो, पलीकडच्या गावची टोळी कमी घेते. मग आपण अजून थोडे उतरतो. पलीकडच्या गावात हाच मालक किंवा याचा भाऊ आपले नाव सांगतो. दोन्ही टोळ्या उतरत उतरत अशा जागी येतात, की दिवस उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत वाकले तरच रोज पडतो. मग गरोदर बाई टोळीत नको, म्हातारी नको, जिचे लेकरू अंगावर पिते ती नको, कारण ती मागे पडते. मालकाने कोणाला काढले नाही. आपणच काढले.

बिडीचे काम केलेल्या बायका इथे किती आहेत? हात वर करा. बघा, पन्नाशीच्या पुढच्या जवळजवळ सगळ्याच. गोंदिया आणि भंडारा हा मिळून एकच जिल्हा होता, १ मे १९९९ ला गोंदिया वेगळा झाला. या साऱ्या भागाची ओळखच धान आणि बिडी. हजार बिडीमागे मजुरी, आणि सट्टेदाराने छाट काढली की ती बिडी आपल्या हिशेबातून गेली. कोणाची छाट कमी, कोणाचा हात जलद, हे त्याला बरोबर माहीत असे, आणि तो ते सगळ्यांसमोर सांगत असे. १९६६ साली बिडी कामगारांसाठी कायदा झाला, कामाचे तास, रजा, छाटीच्या तक्रारी, सगळे त्यात आले. पण केरळमध्ये तो लागू करायची वेळ आली, तेव्हा मोठ्या मालकांनी तिथले काम बंद केले. जिथे मजुरी स्वस्त तिथे माल न्यायचा, हा त्यांचा साधा हिशेब. म्हणजे एका राज्याची बाई दुसऱ्या राज्याच्या बाईशी स्पर्धा करते आहे, आणि दोघींनी एकमेकींचे तोंड पाहिलेले नाही. कन्नूरच्या कामगारांनी मात्र १९६९ साली स्वतःची सहकारी संस्था काढली, दिनेश बिडी. ती पुढे अनेक वर्षे हजारो घरांना काम देत राहिली. आपल्याकडे तसे झाले नाही. का झाले नाही, हा एका वेगळ्या मेळाव्याचा विषय आहे.

आता मी तुम्हाला तेंदूपानाची गोष्ट सांगते, कारण इथे मला माझे मत थोडे बदलावे लागले.

तेंदूपानाची मेहनत तुम्हाला ठाऊक आहे. आधी बेलकटाई, मग मे महिन्यात पहाटे अंधारात जंगलात जायचे, दुपारी घरी आणून सत्तर-सत्तर पानांचा पुडा बांधायचा, संध्याकाळी फळीवर मोजून द्यायचा. हजार पुड्यांची एक गोणी धरतात, म्हणजे सत्तर हजार पाने, एकेक करून हाताने खुडलेली. वर्षानुवर्षे हा माल वनखाते घटक पाडून ठेकेदाराला विकत असे आणि आपल्याला तोडाईची मजुरी मिळे. २००६ च्या वनहक्क कायद्याने हे पालटले. गौण वनउपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क गावाचा, आणि तेंदूपान, बांबू हे गौण वनउपज, असे कायद्यात स्पष्ट लिहिले. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने २०११ साली आपल्या बांबूचा वाहतूक परवाना स्वतःच्या हातात घेतला, आणि २०१२ च्या सुधारित नियमांनी हा परवाना द्यायचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे आला. २०१३ पासून गोंदिया-गडचिरोलीतल्या काही ग्रामसभा तेंदूपान स्वतः विकू लागल्या. गडचिरोलीला पेसा कायद्याचाही आधार आहे. आपला जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही, म्हणून आपल्याला वनहक्काच्या दाव्यावरच उभे राहावे लागते. सामूहिक दाव्याचा कागद गावात आहे की नाही हे प्रत्येकीने पाहून ठेवा. सरपंचाच्या कपाटात आहे असे ऐकून घेऊ नका.

ग्रामसभा विकणार, म्हणजे निविदा काढणार, आणि ठेकेदार एकमेकांविरुद्ध भाव बोलणार. आयुष्यात पहिल्यांदा स्पर्धा त्यांच्यात आणि खुर्चीवर आपण! मी एका गावच्या अशा ग्रामसभेत बसले होते. एक ठेकेदार आधीच येऊन ओट्यावर टेकला होता. चहा घेता घेता म्हणाला, "पलीकडच्या गावाने तर कमी भावातच कबूल केले. तुमचे पान त्यांच्यापेक्षा काही मोठे नाही. उद्यापर्यंत ठरवा, नाहीतर मी तिकडचाच माल उचलतो." पुरुष मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. हंगाम चार दिवसांवर आला होता. पान कोणाची वाट पाहत नाही, जून झाले की कोणी घेत नाही, हे त्याला माहीत होते.

मागे बसलेल्या एका मावशीने विचारले, "तिकडचा कागद हाय का तुह्याजवळ?" कागद नव्हता. तोंडी बोलणे झाले म्हणे. मावशी काही बोलली नाही. तिने सुनेला खूण केली. पलीकडचे गाव म्हणजे त्या सुनेचे माहेर. सून बाहेर गेली, वहिनीला फोन लावला. परत आली तेव्हा तिला हसू आवरत नव्हते. तिकडे त्याच सकाळी त्याच माणसाने सांगितले होते की या गावाने कमी भावात कबूल केले आहे!

मैत्रिणींनो, मी समाजकार्याच्या दोन वर्षांत संघटनेवर कितीतरी पाने वाचली. पण या सुनेने पाच मिनिटांत जे केले ते त्यात नव्हते. लग्न होऊन बाई परक्या गावात जाते, तिचे घर सुटते, याचे दुःख आपण जात्यापासून गात आलो. पण त्यामुळेच आजूबाजूच्या दहा गावांत आपली बहीण, आत्या, वहिनी, नणंद बसलेली असते. ठेकेदाराचे जाळे एका मोटारसायकलीवर चालते, आपले जाळे त्याच्यापेक्षा जुने आहे. त्या दिवशी दोन्ही गावांनी ठरवले की निविदा एकत्र उघडायची आणि एका भावाखाली कोणीच उतरायचे नाही. पुढच्या हंगामाला आणखी गावे आली. भाव वाढून मिळाला.

म्हणजे स्पर्धा चांगली ठरली का? थांबा. ठेकेदारांतली स्पर्धा तेव्हाच चालू राहिली, जेव्हा गावांनी आपसातली बंद केली. आधी दोन्ही गावे शर्यतीत होती आणि ठेकेदार बसून पाहत होता. एक वर्ष असेही आले की ठेकेदारांनीच आपसात ठरवून घेतले आणि सगळ्यांनी एकसारखे पडेल भाव भरले. स्पर्धेचे गोडवे आपल्याला ऐकवणारे हे लोक स्वतः स्पर्धा टाळण्यात किती हुशार असतात! त्या वर्षी ग्रामसभांनी निविदा परत काढली, आठवडाभर काळजावर दगड ठेवून बसल्या. एकटे गाव असते तर तिसऱ्या दिवशी मान तुकवली असती.

आता कोणी म्हणेल, मग सोपे आहे, वरच्यांना आपसात भांडू द्यावे, फायदा आपला. मीही काही दिवस असेच समजत होते. मग पुन्हा ती तीन कर्जांची बाई आठवली. कर्ज देणाऱ्या कंपन्यांत काय कमी स्पर्धा आहे? एकाच गल्लीत सोमवारवाला वेगळा, बुधवारवाला वेगळा, शुक्रवारवाला वेगळा. मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने नवे नियम आणले, तेव्हा या कंपन्यांच्या व्याजदरावरची जुनी मर्यादा काढली. विचार असा, की स्पर्धेने दर आपोआप खाली येतील. त्यासोबत एक अट घातली, घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाऊ नयेत. अट चांगली आहे. पण आमच्या गल्लीत बाईचे उत्पन्न फॉर्मवर लिहितो कोण? कर्ज विकायला आलेला मुलगाच. आणि या कंपन्या स्पर्धा करतात ती कमी व्याजाची नव्हे, लवकर देण्याची आणि जास्त देण्याची. आधार कार्ड आणा, संध्याकाळी पैसे. पोरगी तापाने फणफणली असेल तेव्हा दोन कंपन्यांचे दर कोण ताडून पाहते? शिवाय पाच बायका एकमेकींना जामीन. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या चौघी तिच्या दारात. माझ्या तक्त्याचीच ही मोठी बहीण, फक्त चांदण्या नाहीत.

ओट्यावरच्या ठेकेदाराला आपण सगळ्या एकत्र, उजेडात, कागद मागू शकलो. इथे तो प्रत्येकीच्या दारात वेगळा येतो आणि ती त्याला 'आज नको' म्हणू शकत नाही. जिला 'आज नको' म्हणता येत नाही तिच्यासाठी दहा दुकाने उघडली काय आणि एक उघडले काय.

एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. १५ ऑगस्ट २००७ पासून महाराष्ट्रात तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. भांडणे गावातच मिटवा, गावाला गुण, गुणांवर बक्षीस. त्यातून बांधावरची जुनी भांडणे मिटली, कोर्टाचे खेटे वाचले, हे मी नाकारत नाही. मी कामाला लागले तेव्हा 'तंटामुक्त गाव' असे फलक वेशींवर दिसत. अशाच एका गावची बाई मला म्हणाली, "माझ्या मारामुळे गावाचे गुण जात होते, ताई." ती ठाण्यात निघाली होती, तिला वाटेतून परत आणले, समितीपुढे नवऱ्याने कान पकडले, प्रकरण मिटले अशी नोंद झाली. घरगुती हिंसेविरुद्धचा कायदा ऑक्टोबर २००६ मध्येच लागू झाला होता. पण तिच्यासाठी तो फलकाच्या पलीकडे राहिला. गाव बक्षिसाच्या शर्यतीत उतरले की बाईचे रडणे म्हणजे गावाचे नुकसान.

आपल्या संस्थाही यातून सुटलेल्या नाहीत. एका देणगीदाराने आमच्याकडे आणि शेजारच्या तालुक्यातल्या मैत्रिणींकडे एकाच वेळी विचारणा केली, की वर्षाला किती प्रकरणे मिटवाल? आम्ही आकडा वाढवला, त्यांनीही वाढवला. मग रात्री फोनवर बोललो आणि दोघींना लाज वाटली. प्रकरण 'मिटणे' हे कोणाच्या सोयीचे असते, हे आपल्यापेक्षा जास्त कोणाला माहीत?

आता त्या स्टीलच्या डब्याकडे येते, नाहीतर आज समोर बसलेल्या मुली मला सोडणार नाहीत. पहाटे पाचला आपल्या रस्त्यांवर पोलीस भरतीसाठी धावणाऱ्या पोरी दिसतात. दहा वर्षांपूर्वी त्या वेळी रस्त्यावर मुलगी दिसली असती तर गावाने काय म्हटले असते? आठशे मीटर, शंभर मीटर, गोळाफेक. तिथे घड्याळ कोणाची पोर आहे, कोणत्या जातीची आहे, काळी की गोरी, विचारत नाही. "परीक्षा होऊ दे, मग बघू" एवढ्या एका वाक्यावर कितीतरी मुलींची लग्ने दोन-तीन वर्षे पुढे गेली आहेत. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे, म्हणून स्पर्धेला मी सरसकट शिव्या देणार नाही. नियम आधी ठरलेले, सगळ्यांना माहीत, आणि हरली तरी पोट उपाशी राहत नाही, अशी शर्यत मुलींच्या अंगात बळ आणते. त्या पोरींनाच विचारले, एकटी का धावत नाही? म्हणाल्या, सोबत धावले की वेळ कमी लागतो. जागा मोजक्या, धावणाऱ्या शेकडो, हे त्यांनाही कळते. तरी एकीच्या पायात गोळा आला की दुसरी थांबून पाय ओढून देते. भरतीच्या दिवशी मात्र थांबणार नाही, हेही त्यांनी हसत सांगितले. मला ते खरे आणि बरोबर वाटले.

वेळ झाला. चहा तयार आहे असे मागून खुणावत आहेत. तीन कामे सांगून थांबते. बेलकटाईच्या आधी आपल्या भागातल्या ग्रामसभांची एकत्र बैठक आहे, त्यात भावाचा खालचा आकडा ठरवायचा आहे. ज्या गावांतून अजून कोणी नाव दिले नाही, त्या बायांनी चहा घेऊन मागच्या ओट्यावर यावे, मी कागद घेऊन तिथेच बसते. येताना आपल्या माहेरच्या गावाचे नाव आणि तिथल्या एका वहिनीचा फोन नंबर सांगा. रोवणीच्या हुंड्याचेही या वर्षी असेच करता येईल का, ते तिथेच बोलू. आणि ज्यांच्याकडे दोनपेक्षा जास्त कंपन्यांची पुस्तके आहेत, त्यांनी ती पदराखाली न लपवता सोबत आणावीत. सगळ्यांच्या एकत्र मांडून पाहू. माझ्यासमोर लाजायचे कारण नाही, त्या तक्त्यावर चांदण्या मीच चिकटवल्या होत्या.